६०० डॉलरचं शेत: मृगजळ की हुकलेला सौदा?

कोरडवाहू:
अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकची 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) ही कादंबरी तिसऱ्यांदा वाचून काढली. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: कॅलिफोर्नियात सोलेडाडजवळच्या एका रँचवर जॉर्ज आणि लेनी हे दोन फिरस्ते गडी पाठीवर वळकटी टाकून कामाला येतात. लेनी अंगाने आडदांड, अकलेने लहान पोर. दोघांच्या डोक्यात एकच वेड, स्वतःची दहा एकर जमीन आणि लेनीने सांभाळायचे ससे. पुढे लेनीच्या हातून मालकाच्या सुनेची मान मोडते आणि बाकीचे पोचायच्या आत जॉर्जच त्याला गोळी घालतो.

हे स्वप्न म्हणजे मृगजळ, असं जो तो म्हणतो. मला नाही पटत. हिशोब करून बघा. जमीन ६०० डॉलरला. विकणारं म्हातारं जोडपं पार बुडालेलं, त्यात म्हातारीचं ऑपरेशन अडलंय, म्हणजे गरज त्यांनाही. झाडलोट करणाऱ्या कँडीला हात गेल्याचे २५० मिळालेत, बँकेत ५० आहेत, महिनाअखेरीला आणखी ५० येतील. तोवर जॉर्ज-लेनीचेही मिळून १०० होतील. झाले की ४५०! उरलेले मी बाहेर काम करून फेडीन, असं जॉर्ज स्वतः म्हणतो. यात मृगजळ कुठे दिसलं?

तिखटमीठ:
हिशोब चोख आहे, पण जॉर्जला ते शेत हवं होतं का? सून मेलेली सापडते तेव्हा तो कँडीला काय सांगतो? हे आपल्याच्याने कधी व्हायचं नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. कँडीचे ३०० तेव्हाही बँकेतच होते ना? कँडी विचारतो, आपण दोघं घेऊ या ना ती जागा? जॉर्ज उत्तर द्यायच्या आतच कँडी मान खाली घालतो, त्याला कळून चुकतं. त्याला शेत सांगायला हवं होतं, घ्यायला नव्हे. ऐकणारा गेला आणि गोष्ट संपली.

आणि ती मैत्री! सॅक्रमेंटो नदी आठवा. जॉर्जने गंमत म्हणून सांगितलं, मार उडी, आणि पोहता न येणाऱ्या लेनीने मारली. बुडता बुडता वाचला आणि वर जॉर्जचेच आभार मानत बसला. लगाम कुणाच्या हातात होता ते दिसतंच आहे.

कोरडवाहू:
तो किस्सा जॉर्ज आपणहून रँचवरच्या स्लिमला सांगतो, त्यानंतर तसलं काही केलं नाही हेही सांगतो. माज असलेला माणूस अशी कबुली देईल?

आडवाटेवरची:
दोघंही गोऱ्या गड्यांचाच हिशोब मांडताय. क्रुक्सचं काय? पागेतला काळा गडी, घोड्याच्या लाथेने पाठ मोडलेला. गड्यांच्या खोलीत पत्ते खेळायला त्याला मज्जाव, म्हणून खोगिरं-लगामांच्या खोलीत एकटा. फळीवर १९०५ सालचं कॅलिफोर्नियाच्या नागरी कायद्याचं फाटकं पुस्तक. (मला ही कादंबरी आठवते ती या पुस्तकासाठी.) जमिनीची स्वप्नं बघणारे शेकडो गडी पाहिलेत, मिळाली एकालाही नाही, असं म्हणणारा हा माणूस कँडीचे पैसे खरोखर बँकेत आहेत हे ऐकतो आणि विरघळतो. मला नुसतं पोटापुरतं द्या, फुकट राबेन, म्हणतो. तेवढ्यात मालकाची सून येते. वाद होतो, तर तुला झाडाला लटकवायला मला वेळ लागणार नाही म्हणते. क्रुक्स जागच्या जागी आक्रसतो. नंतर कँडीला सांगतो, मघाशी चेष्टा केली हो. कायद्याचं पुस्तक फळीवरच.

त्या सुनेला तरी काय मिळालंय? सिनेमात जायचं होतं, पदरात पडला कर्ली, मालकाचा मुलगा. अख्ख्या पुस्तकात तिला साधं नाव नाही. घरात तिला कुणी विचारत नाही, पण क्रुक्सपुढे ती मालकीण. उतरंड अशी असते.

पडवीतला:
कुत्र्याबद्दल कुणीच बोलेना? कँडीचा म्हातारा कुत्रा कार्लसन हा गडी गोळी घालायला बाहेर घेऊन जातो तो प्रसंग. खोलीत सगळे गप्प. जॉर्ज पत्ते पिसतोय. बार ऐकू येत नाही, येत नाही, आणि मग येतो. कँडी भिंतीकडे कूस वळवतो. पुढे जॉर्जलाच म्हणतो, परक्याला मारू द्यायला नको होतं, मीच मारायला हवं होतं. जॉर्ज शेवटी तेच, कार्लसनचंच लुगर पिस्तूल उचलतो. तिखटमीठ, ही तुम्हाला सत्ता वाटते?

तिखटमीठ:
वाटते. कुत्र्याला कुणी विचारलं नव्हतं आणि लेनीलाही नाही. तो बिचारा आत्ताच तिथे जाऊ या म्हणत होता.

कोरडवाहू:
नदीपलीकडे शेत बघत गेला तो. जॉर्जला दुसरं काय देता आलं असतं? कर्ली पोटात गोळी घालायला निघालाच होता. यावर आपलं जमायचं नाही. क्रुक्सचं मात्र खरं, मी त्याला हिशोबात धरलाच नव्हता.

आडवाटेवरची:
धरायला काय जात होतं? तो तर फुकट राबणार होता.