शिताकेच्या ओंडक्यांवर दहा महिन्यांत काहीच उगवलं नाही

प्रश्न: शिताके ही खाण्याची अळिंबी (मशरूम) उगवायला ओकचे चार ओंडके घेतलेत, मीटरभर लांब, १२ सेंमी जाड. दर १५ सेंमीवर भोकं पाडून तिचं बीज (लाकडात पसरणारे बुरशीचे धागे) धरलेल्या लाकडी खुंट्या ठोकल्या, वर गरम मेण लावलं. दहा महिने झाले. रोज सकाळी जाऊन बघते, शिताकेचा पत्ता नाही. उलट एका ओंडक्यावर छोट्या पंख्यांसारखी राखाडी, केसाळ बुरशी आलीय. सगळे टाकून देऊ का?

प्रतिसाद: अहो, टाकू नका! खुंट्यांचं बीज सावकाश पसरतं, वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. ओंडक्यांची कापलेली तोंडं बघा. तिथे पांढरे डाग उमटले असतील तर आत काम चालू आहे. ती पंख्यांची बुरशी उलटून पाहा, खालच्या पात्या मधोमध उभ्या चिरलेल्या असतील तर ती ऊन लागून सुकलेल्या लाकडावर येणारी. साल कुठे सुटलीय का? साल गेली की ओंडका गेला.

प्रश्नकर्ती: दोघांच्या तोंडावर पांढरे डाग आहेत! पंखेवाला रचणीत सगळ्यात वर होता, त्याला संध्याकाळचं ऊन लागायचं. पात्या चिरलेल्याच आहेत. साल मात्र घट्ट आहे.

प्रतिसाद: मग त्याला तहान लागलीय. माझा पहिला ओंडका असाच गेला, म्हणून कळकळीने सांगतो. बीज भरलं तेव्हा वजन ११ किलो होतं, उन्हाळ्याअखेर साडेआठ. म्हणजे लाकडातलं पाणी ३० टक्क्यांखाली गेलं, आणि तिथे शिताके तग धरत नाही. तेव्हापासून एका ओंडक्यावर खूण करून दर महिन्याला तोच काट्यावर ठेवतो. नुसतं वरून शिंपडून साल ओली होते, आत काही पोचत नाही. पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा भरपूर, सावकाश पाणी द्या, मग साल वाळू द्या. सतत ओली राहिली तर हिरवी बुरशी धरते.

डागवाले दोन्ही ओंडके, बीज भरल्याला एक पूर्ण वर्ष झालं की, गार पाण्यात २४ तास बुडवा, त्याहून जास्त नको. थंडीत फळणारी जात असेल तर मात्र बुडवून उपयोग नाही, ती तिच्या ऋतूतच येईल. इतर जातींत आठवडाभरात साल फोडून तपकिरी बटणं वर येतात. टोपीची कड आत वळलेली असतानाच काढा. आणि नीट शिजवूनच खा, कच्ची खाल्ली तर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखं पुरळ उठतं.

प्रश्नकर्ती: पंखेवाला आत्ताच खाली सावलीत घेतला. उचलताना बाकीच्यांपेक्षा खरंच हलका लागला.