मदत हवी आहे: वसतिगृहातले सामाईक संडास, संसर्ग, आणि पैसे नेमके कशावर घालावेत?

ओसरी
नोकरदार मुलींचे वसतिगृह आहे. एका मजल्यावर २४ जणी, तीन देशी संडास, एक कमोड, चार न्हाणीघरे, बाहेर तीन बेसिन. सफाई दिवसातून एकदा: भांड्यात ऍसिड, फरशीला फिनाइल. दोन महिन्यांत पाच जणींना उन्हाळी लागली, तिघींना मांडीवर गजकर्ण झाले, आणि एकाच आठवड्यात सहा जणींना उलट्या-जुलाब. समितीकडे महिन्याला अडीच हजार रुपये आहेत आणि बहुतेकींना कमोडच्या सीटवर मारायचे स्प्रे हवे आहेत. त्याने यातले काय थांबेल? ब्लीच किती घालायचे? मावशींना नेमके काय सांगायचे?

जास्वंद
तीन तक्रारींचे रस्ते तीन आहेत आणि सीट त्यातल्या एकाच्याही वाटेत नीट येत नाही. स्प्रे घेऊ नका.

उन्हाळी आधी. लघवीच्या संसर्गात बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय, आणि तो आपल्याच आतड्यातला असतो. म्हणून धुणे-पुसणे नेहमी पुढून मागे. संडास घाण आहे म्हणून मुली पाणी कमी पितात, लघवी तासन्‌तास धरून ठेवतात. जंतूंना वाढायला वेळ मिळतो तो तिथे. कमोडवर अधांतरी बसणेही टाळा. ओटीपोटाखालचे स्नायू ताठ राहिले की मूत्राशय पुरते रिकामे होत नाही, शिवाय शिंतोडे सीटवर पडतात आणि पुढचीही अधांतरीच बसते. सीट कागदाने कोरडी करून नीट टेकून बसा. एचआयव्ही किंवा गनोरिया सीटवरून होत नाही, ही भीती खरोखर मनातून काढा. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, लघवीतून रक्त, किंवा दिवस गेलेले असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. अँटिबायोटिकच्या आधी युरिन कल्चरचा (लघवीत कोणता जंतू वाढतो ते पाहण्याच्या तपासणीचा) नमुना द्यावा, मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत.

गजकर्ण टॉवेल, कपडे आणि ओलाव्यातून पसरते. टॉवेल ज्याचा त्याला, तोही उन्हात वाळलेला. दुकानातून आपल्या मनाने आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमे नकोत. खाज थांबल्यासारखी वाटते आणि बुरशी पसरत राहते.

उलट्या-जुलाब मात्र खरोखर तुमच्या सामाईक संडासाचा प्रश्न असू शकतो. हात धुण्याआधी काय काय हाताळले जाते ते मोजा: मग्ग्याचा कान, जेटचा खटका, फ्लशचे बटण, आतली कडी, दिवा, बेसिनचा नळ. नोरोव्हायरससारख्या विषाणूवर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे, निदान २० सेकंद, आणि हात कोरडे करायचे. ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज सरकतात. बेसिनपाशी वडी ठेवली तर ती पाण्यात भिजत पडते. पंपाची बाटली ठेवा, पण उरलेल्यावर नवीन साबण ओतू नका. रिकामी करून, धुऊन, वाळवून मग भरा. तुमचे पैसे आधी इथे जाऊ द्या.

तपासनीस
सफाईचा क्रम स्वच्छाकडून घाणीकडे: कडी, बटणे, नळ, मग्गा, सीट, फरशी, शेवटी भांडे. बहुतेक ठिकाणी भांड्याला लावलेले फडकेच पुढे कडीवर फिरते आणि सगळी मेहनत वाया जाते. फडकी दोन रंगांची ठेवा.

आधी डिटर्जंटने मळ काढा. मळावर ओतलेले क्लोरीन मळातच खर्च होते. हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचे द्रव ब्लीच) कॅन ५ टक्क्यांचा असेल तर रोजच्यासाठी एक लिटर पाण्यात २० मिली. उलटी किंवा जुलाब सांडले असतील तर ९०० मिली पाण्यात १०० मिली. मात्र आधी हातमोजे घालून कागदाने टिपून घ्या. दोन्ही वेळा दहा मिनिटे ओले राहू द्या, मग पाण्याने पुसा, नाहीतर कड्या गंजतात. द्रावण रोज ताजे करा, कॅन उन्हात नको. नुसते फिनाइल ओतून चालत नाही: वास गेला म्हणजे जंतू मेले असे होत नाही. आणि सकाळच्या गर्दीनंतर व रात्री, कड्या-नळ पुन्हा एकदा पुसायचे. दोन फेऱ्या मिळून पंधरा मिनिटांचे काम आहे.

ओसरी
कॅनवर १० टक्के लिहिले आहे. आणि मावशी भांड्यात ऍसिड टाकून त्यावरच हायपो ओततात, चकाकी येते म्हणून.

तपासनीस
हे आजच थांबवा. ऍसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो फुप्फुसे भाजून काढतो. ऍसिडचा वार वेगळा ठेवा, आठवड्यातून एकदा पुरे, आणि त्यानंतर निदान बादलीभर पाणी ओतल्याशिवाय दुसरे काही टाकायचे नाही. उग्र वास आलाच तर बाहेर पडा, दार उघडे टाका, वर आणखी काही ओतू नका. १० टक्क्यांचा कॅन असेल तर मी दिलेली हायपोची मात्रा निम्मी. मावशींना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, चष्मा आणि गमबूट याच अडीच हजारांतून द्या. पहिला धोका त्यांना आहे.

पाणकळा
दोन गोष्टी नळकामाच्या. जेट भांड्यात किंवा बादलीत लोंबकळत ठेवू नका. टाकी रिकामी होताना पाइपात मागे ओढ बसते आणि घाण पाणी आत खेचले जाऊ शकते. हूक भांड्याच्या काठाच्या बराच वर लावा. मग्ग्यालाही हूक हवा, फरशीवर ठेवायचा नाही.

दुसरे म्हणजे नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीच्या जाळीखालचा, पाणी साठून राहणारा भाग. त्यातले पाणी हीच गटार आणि खोली यांमधली भिंत. हाँगकाँगच्या अमोय गार्डन्स वसाहतीत २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या विषाणूजन्य आजाराची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात सुकलेले फरशीचे ट्रॅप आणि हवा आत ओढणारे एक्झॉस्ट पंखे पुढे आले. दिवाळीत मजला रिकामा होतो. परतल्यावर पंखा लावण्याआधी प्रत्येक ट्रॅपमध्ये मग्गाभर पाणी ओता.

जास्वंद
पॅडचे राहिले. भांड्यात टाकू नका, चोकअप तिथूनच होतो. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा घेणाऱ्या ताईंना उघडावे लागत नाही. प्रत्येक संडासात पायाने उघडणारा डबा ठेवा आणि तो रोज रिकामा करा.

सहा जणी एकाच आठवड्यात आजारी पडल्या तर संडासाइतकाच संशय टाकीवर घ्या. पिण्याच्या नळाची ओटी टेस्ट करा: पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. किटच्या रंगपट्टीवर ०.२ पीपीएमपेक्षा कमी दिसले तर टाकी धुऊन होईपर्यंत पाणी उकळून प्या.