अनुभव धागा : कल्पित जगाचे हिशोब (विज्ञानकथा आणि अद्भुतकादंबरी लिहिणाऱ्यांसाठी)

धागाकर्ती :
पहिलं प्रकरण लिहायच्या आधी जे काम होतं, त्याबद्दल हा धागा. नकाशे, अंतरं, तिथ्या, जादूचे नियम, यानातलं पाणी. वाचकाला यातलं दहा टक्केही दिसत नाही, पण ते पक्कं नसेल तर शंभराव्या पानावर जग डगमगायला लागतं. आपापल्या नव्या कादंबरीसाठी काय मांडलंत ते आकड्यांसकट लिहा. 'कल्पनेला मोकळं सोडा' छापाचे सल्ले इथे नकोत.

शून्यभार :
नव्या कादंबरीतलं यान पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणारं आहे, त्यामुळे आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागल्या : वजन आणि पाणी.

वजनासाठी यान स्वतःभोवती फिरवायचं. पृथ्वीइतका भार हवा असेल आणि मिनिटाला दोन फेरे ठेवायचे असतील, तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. चार फेरे केले तर ५६ मीटरमध्ये भागतं. लहान यान लिहायला सोयीचं वाटतं, पण वेग वाढला की माणसांना गरगरतं, आणि पडणारी वस्तू सरळ पायाशी पडत नाही. ५६ मीटरच्या यानात दीड मीटर उंचीवरून चेंडू सोडला, तर तो फिरण्याच्या उलट दिशेला जवळजवळ एक वीत मागे पडतो. २२४ मीटरच्या यानात अर्धी वीत. म्हणजे तिथे जन्मलेली मुलगी चहा ओतताना कप आपोआप थोडा बाजूला धरणार, आणि पृथ्वीवरून आलेला पाहुणा टेबलावर सांडणार. हा एक प्रसंग लिहिला की त्रिज्या, फेरे वगैरे काहीही सांगावं लागत नाही.

आता पाणी. अंतराळ स्थानकात २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. आकडा भरघोस वाटतो. पण यानात हजार माणसं, प्रत्येकी रोज ४ लिटर धरलं, तर उरलेले २ टक्के म्हणजे रोज ८० लिटर गेले. वर्षाला सुमारे २९ टन. जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्यापर्यंत ४.२४ प्रकाशवर्षं आहेत. प्रकाशाच्या ५ टक्के वेगाने ८५ वर्षं. तेवढ्यात अडीच हजार टनांच्या आसपास पाणी संपलं. हे पाणी निघतानाच कुठे साठवायचं? यानाच्या बाहेरच्या भिंतीत, म्हणजे किरणोत्सर्गापासून आडोसाही होतो. मग पिढ्या सरतात तशी ती भिंत पातळ होत जाते. कादंबरीतला मुख्य संघर्ष या गुणाकारातूनच निघाला.

एक धोका बहुतेक जण विसरतात : धूळ. प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने जाताना एक ग्रॅमचा कण आदळला, तर साधारण शंभर टन टीएनटीच्या स्फोटाइतकी ऊर्जा सुटते. वेग दुप्पट केला की ती चौपट. म्हणून 'यान आणखी वेगात नेलं' हे वाक्य लिहिण्याआधी यानाच्या पुढच्या ढालीचा विचार हवा.

सह्यवारा :
अद्भुतकादंबरीचा नकाशा काढताना क्रम महत्त्वाचा. आधी डोंगर, मग वाऱ्याची दिशा, मग पाऊस, मग नद्या, मग गावं, आणि राज्यांच्या सीमा सर्वांत शेवटी. बरेच जण सीमा आधी आखतात आणि नद्या रिकाम्या जागेत भरतात. मग नदी डोंगर चढते, किंवा मध्येच दोन फाटे फुटून दोन समुद्रांना मिळते. उपनद्या येऊन मिळतात. नदी फुटते ती मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात.

आपल्याला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत. एवढ्याशा अंतरात पीक बदलतं, घराचं छप्पर बदलतं, अंगावरचं पांघरूण बदलतं. कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर उगम पावते आणि १४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला जाते. कल्पित जगात अशी नदी काढली तर वाचक चूक म्हणतील, पण डोंगराचा उतार दाखवला की पटतं.

गाव कुठे बसवायचं? जिथे नदी पायी ओलांडता येते तिथे, घाट संपतो तिथे, किंवा दोन नद्यांच्या संगमावर. नुसतं 'सुंदर दरीत' गाव टाकलं, तर त्या गावाचं पोट कशावर चालतं हे पुढे कधीच सांगता येत नाही.

चंदीवाला :
सह्यवारांच्या नकाशावर आता फौज चालवून बघा. लढाईची प्रकरणं बहुधा इथेच फसतात.

दहा हजार माणसांना माणशी किलोभर धान्य धरलं, तर रोज दहा टन. एका बैलाच्या पाठीवर साधारण शंभर किलोची गोणी. म्हणजे एका दिवसाच्या शिध्याला शंभर बैल, दहा दिवसांच्या शिध्याला हजार. घोडे दोन हजार असतील आणि प्रत्येकाला तीन किलो चंदी, तर आणखी सहा टन, वैरण वेगळी. दख्खनमधल्या फौजा वंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून असत त्या यामुळेच. कादंबरीत असा तांडा दाखवला की धान्य विकणारा, भाव वाढवणारा, दोन्ही बाजूंना माल देणारा माणूस आयताच मिळतो. सेनापतीपेक्षा त्याची व्यक्तिरेखा जास्त रंगते, असं माझं मत.

वेग : लादलेले बैल दिवसाला १५ ते २० किलोमीटर. एकटा स्वार, घोडा न बदलता, ५०-६० किलोमीटर, तेही रोज नाही. चौखूर दौड थोडा वेळच टिकते, त्यामुळे 'रात्रभर घोडा फेकला' लिहायचं असेल तर वाटेत ताजी घोडी मिळण्याची सोय दाखवावी. शिवाय पावसाळ्यात मोहीम थांबते. वाटा चिखलात, नद्या तुडुंब. आपल्याकडे सीमोल्लंघन दसऱ्याला होतं त्यामागे हेही आहेच. कल्पित राज्यातही असा एखादा सण ठेवला, की युद्ध कधी सुरू होणार हे वाचकाला आपोआप कळतं.

धागाकर्ती :
चंदीवाला, हे अंतर-दिवसांचं कोष्टक कसं ठेवता?

चंदीवाला :
साधा तक्ता, ताई. आडव्या ओळीत तारीख, उभ्या रकान्यांत प्रत्येक मुख्य पात्र. प्रत्येक चौकटीत पात्र कुठे आहे आणि त्याला कोणती बातमी कळली आहे, एवढंच. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. राजा मेल्याची बातमी २४० किलोमीटरवरच्या गडावर चार-पाच दिवसांनी पोचते. तोवर तिथला किल्लेदार त्याच्याच नावाने हुकूम काढत असतो.

पंचांगवाली :
त्याच तक्त्यात एक रकाना तिथीचा घाला. रात्रीचा प्रत्येक प्रसंग त्यावर तपासा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो. शुद्ध अष्टमीचा सूर्यास्ताच्या वेळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. वद्य अष्टमीचा मध्यरात्री उगवतो. रोज साधारण ५० मिनिटं उशीर. 'संध्याकाळी पूर्वेला चंद्रकोर उगवली' हे छापील पुस्तकांतही सापडतं, आणि ते होऊच शकत नाही. संध्याकाळची कोर पश्चिमेलाच, मावळायच्या बेतात असते. गडावर दोर लावून चढायचं असेल तर वद्य अष्टमी उत्तम : पूर्वरात्री अंधारात चढाई, मध्यरात्रीनंतर उतरायला उजेड.

चंद्रावरची कादंबरी असेल तर उलटा विचार. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते, त्यामुळे तिथल्या वस्तीवरून पृथ्वी उगवताना-मावळताना दिसत नाही. ती आकाशात जवळजवळ एकाच जागी टांगलेली असते. अपवाद कडेच्या भागाचा, तिथे ती क्षितिजाशी थोडी वरखाली होते. चांद्रयान-३ उतरलं त्या ६९ अंश दक्षिणेच्या आसपास पृथ्वी क्षितिजापासून फार वर नसते आणि सावल्या लांबच लांब पडतात. आपल्याकडे पौर्णिमा असते तेव्हा तिथून पृथ्वीची अमावास्या दिसते. सूर्योदय वेगळाच : विषुववृत्तावर सूर्यबिंब पूर्ण वर यायला सुमारे तास लागतो, आकाश मात्र काळंच राहतं. पहाटेची लाली लिहू नका, तिथे हवा नाही.

मंत्रमोल :
जादूबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. प्रत्येक मंत्रासाठी मी तीन प्रश्न कागदावर लिहिते : किंमत काय, मर्यादा काय, आणि हा मंत्र अस्तित्वात आल्याने कुणाचा धंदा बसला?

पहिली दोन उत्तरं बहुतेक जण देतात. तिसऱ्याने जग उभं राहतं. समजा, दगडातून पाणी काढणारा मंत्र आहे. सह्याद्रीसारख्या मुलखात गडाचा जीव टाक्यांत असतो. पाचशेची शिबंदी, माणशी पाच लिटर, पावसाळा सोडून आठ महिने, म्हणजे सहा लाख लिटर. वीस मीटर लांब, दहा रुंद, तीन खोल असं टाकं कातळात खोदलेलं हवं. मंत्र आला की टाकी खोदणारे पाथरवट बेकार, वेढ्याचा अर्थ संपला, आणि गडावर सर्वांत जास्त पहारा त्या एका मांत्रिकावर. त्याला गड सोडून जायची मुभा असेल का?

किंमत मोजता येईल अशी ठेवा : झोप, मीठ, दृष्टी, एखादी आठवण. 'तो फार थकला' ही किंमत नव्हे, कारण पुढच्या प्रकरणात तो ताजातवाना होतो. आणि मर्यादा कादंबरीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच, एखाद्या किरकोळ प्रसंगात दाखवा. शेवटी अचानक आठवलेली मर्यादा पळवाट वाटते, तसाच अचानक सापडलेला मंत्रही.

उलटाकाळ :
कालप्रवासासाठी फक्त दोन गोष्टी. भूतकाळ बदलतो, बदलतच नाही की नवी शाखा फुटते, यातला एकच नियम निवडून शेवटपर्यंत पाळा. दुसरं, पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने जाते. सहा तास मागे गेलात तर ती साडेसहा लाख किलोमीटर दूर असते, चंद्राच्या अंतराच्या दीडपटीहून जास्त. यंत्र पृथ्वीला बांधलेलं आहे की नाही, हे एका वाक्यात का होईना, सांगून टाका.

वैज्ञानिका :
एवढे हिशोब झाल्यावर मोठा मोह होतो तो ते सगळे सांगून टाकण्याचा. मग दोन शास्त्रज्ञ एकमेकांना म्हणतात, 'तुला माहीतच आहे की मंगळावर संदेश पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात.' त्याला माहीत आहे तर सांगतोस कशाला? त्याऐवजी उशीर प्रसंगात आणायचा. आई पृथ्वीवरून विचारते, 'जेवलास का रे?' उत्तर तिच्यापर्यंत पोचतं तेव्हा तिने कुकर लावून, भाजी चिरून, आणखी चार वाक्यं पाठवलेली असतात. त्यामुळे मंगळावरच्या माणसांशी संवाद म्हणजे पत्रव्यवहारच. प्रश्नोत्तरांची खडाजंगी लिहिता येत नाही.

विज्ञानाची माहिती कथेत शिरायला सर्वांत चांगली जागा म्हणजे बिघाड. यंत्र चालू असताना त्याच्याकडे कुणी बघत नाही. बंद पडलं की नवशिक्याला समजावून सांगणं भाग पडतं, आणि वाचक तिथे आपणहून कान देतो.

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपुढे लेखकाचं नाव नव्हतं, पदव्या नव्हत्या, फक्त मजकूर होता. आपला वाचकही त्याच जागी असतो. 'लेखकाला माहीत असेल' म्हणून तो काही मान्य करत नाही, पानावर जे असेल तेवढंच त्याला पटतं.

जुळारी :
छपाईबद्दल थोडकं, कारण इतके आकडे असलेलं पुस्तक तिथेच बिघडतं. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये वळवला की वर चढवलेले घातांक खाली येतात : दहाचा आठवा घात छापून '१०८' होतो. म्हणून सरळ 'दहा कोटी' लिहा. 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि 'ॲ' या अक्षरांचेही हाल होतात. प्रूफ हाती आलं की 'ताऱ्यावर', 'वाऱ्याने', 'ॲल्युमिनियम' असे शब्द शोधून आधी तपासा. कल्पित नावांची शुद्धलेखन-यादी हस्तलिखिताबरोबर जोडा, ऱ्हस्व-दीर्घासकट. नाहीतर मुद्रितशोधक तुमच्या राणीचं नाव दर प्रकरणात वेगळं सुधारेल. आणि यादी करतानाच बघा : मुख्य पात्रांपैकी कुठल्याही दोघांच्या नावाचं पहिलं अक्षर एक नको.