मदत हवी आहे: जादूच्या सरावाचे व्हिडिओ सरांना पाठवायचे कसे, गुपित न फुटता?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपासून हातचलाखी शिकतोय, पत्ते आणि नाणी. मी लातूरला, सर पुण्यात. मी सरावाचा व्हिडिओ पाठवायचा आणि सरांनी चुका काढायच्या, अशी आमची शिकवणी.

गेल्या महिन्यात एक व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' करून टाकला. लिंक असेल त्यालाच दिसतो, म्हणून निर्धास्त होतो. तीच लिंक हौसेनं बहिणीलाही पाठवली, हे माझं शहाणपण. रविवारी आठवीतला भाचा लॅपटॉप घेऊन आला. व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे नेली आणि ओरडला, "मामा, नाणं उजव्या हातात गेलंच नाही!" डाव्या बोटांच्या फटीतून रुपयाची कड चमकत होती. सेकंदाला तीस फ्रेम, त्यातल्या पाचात माझी चोरी दिसते.

तो साधा फ्रेंच ड्रॉप होता, नवशिक्याला सुरुवातीलाच शिकवतात तो. त्याचं फार वाईट वाटलं नाही. पण त्याच व्हिडिओत पुढे सरांनी स्वतः बसवलेला पत्त्यांचा प्रयोग आहे. तो फुटला तर सरांना तोंड कसं दाखवू? व्हिडिओ काढून टाकलाय, पण लिंक कुणाकुणाकडे गेली ते बहिणीलाही आठवत नाही.

प्रेक्षकांच्या बाजूनं काढलेला व्हिडिओ सरांना पुरत नाही. त्यांना खांद्यावरून काढलेला लागतो, म्हणजे जे लपवायचं नेमकं तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर एकदाच उघडणारा पाठवून पाहिला, तर त्यांना एकच जागा दहादा बघायची असते. यूट्यूबवर 'प्रायव्हेट' ठेवावा तर ईमेलनं बोलवावं लागतं, आणि सरांचं ईमेल त्यांचा नातू बघतो. तुम्ही काय करता?

हुकमी_एक्का:
ड्राइव्हवर डाउनलोड बंद करता येतं, पण समोर दुसरा फोन धरला की संपलं. मुळात अख्खा प्रयोग पाठवताच कशाला? अडतंय तेवढे चार सेकंद कापा. आवाज नको, चेहरा नको, पत्ता निवडणं नको आणि सापडणंही नको. नुसती बोटं बघून प्रयोग कोणता ते जाणकारालाही चटकन ओळखता येत नाही. आणि फाइलला प्रयोगाचं नाव देऊ नका. मी दिलं होतं!

रिकामी_टोपी:
कॉपीराइटचा दम देता येईल का, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो. 'पेन अँड टेलर' या अमेरिकन जादूगार जोडीतल्या टेलरनं आपला गुलाबाच्या सावलीचा प्रयोग १९८३ साली नाट्यकृती म्हणून नोंदवला होता. पुढे एकानं तसाच प्रयोग यूट्यूबवर टाकून विकायला काढला. २०१४ मध्ये अमेरिकन न्यायालयानं टेलरच्या बाजूनं कौल दिला, पण तो सादरीकरणाबद्दल. जादूची युक्ती कॉपीराइटमध्ये बसत नाही. सरांना सगळं खरं सांगून टाका, दुसरीकडून कळण्याआधी.

लातूरकर (धागाकर्ता):
काल सरांना फोन केला. पाच मिनिटं बोलणी खाल्ली. मग चार सेकंदांचा तुकडा पाठवला, फाइलचं नाव 'वीजबिल'. रात्री उत्तर आलं: "अंगठा आधी हलतोय. आणि भाच्याला पुढच्या वेळी घेऊन ये."