नोकरी लागली २०२४ ला, पीएम किसानची वसुली मात्र २०१९ पासून. काय करावं?

काळी_माती

नमस्कार मंडळी. तहसील, तलाठी सजा किंवा कृषी खात्यात काम केलेलं कुणी इथं असेल तर कृपया पूर्ण वाचा. थोडं लांबलंय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

मी विदर्भातल्या एका खेड्यातला. वडील २०१७ ला गेले. २०१८ ला वारस फेरफार झाला आणि सव्वातीन एकर जिरायत आईच्या आणि माझ्या नावावर सामाईक लागली. पीएम किसान, म्हणजे शेतकऱ्यांच्या खात्यात हप्त्याने पैसे देणारी केंद्राची योजना, आली तेव्हा तलाठ्यांनीच दोघांचे फॉर्म भरून घेतले. मी तेव्हा डी.एड. करून घरीच होतो. सोयाबीन-तूर करायची आणि वेळ मिळेल तसा दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायचं. दोन हजारांचा हप्ता आला की कृषी केंद्राची उधारी तेवढी कमी व्हायची. त्या पैशावर माझा हक्क होता आणि तो मी घेतला.

२०२३ ला शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी दिली, भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आलं आणि मार्च २०२४ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षण सेवक म्हणून रुजू झालो. मानधन महिना १६,००० रुपये, तीन वर्षं तेवढंच.

रुजू झाल्यावर एप्रिलमध्ये गावी आलो तेव्हा तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी अर्ज दिला, की मी नोकरीला लागलो आहे, माझा लाभ बंद करावा. पोच घेतली, तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का आहे. तरीही जून २०२४ ला १७ वा हप्ता आला, ऑक्टोबरला १८ वा आला. नमो शेतकरी या राज्याच्या तशाच योजनेचेही ऑगस्ट आणि ऑक्टोबरचे दोन हप्ते आले. हे चार मिळून ८,००० रुपये मी काढलेलेच नाहीत, खात्यात तसेच पडून आहेत. फेब्रुवारी २०२५ पासून हप्ते बंद झाले. माझे झाले ते बरोबरच, पण आईचेही त्याच वेळी बंद झाले.

आता मे महिन्यात कोतवालाने घरी नोटीस आणून दिली. छापील नमुना आहे, त्यात नाव आणि गट नंबर पेनाने भरलाय. ‘अपात्रतेचे कारण’ या रकान्यात ‘शासकीय नोकरदार’ लिहिलंय. त्याच्या शेजारी ‘अपात्र झाल्याचा दिनांक’ असा रकाना आहे, तो कोरा आहे. खाली वसुलीची रक्कम ४६,०००. पीएम किसानचे पहिल्यापासूनचे १८ हप्ते म्हणजे ३६,००० आणि नमोचे पाच म्हणजे १०,०००. सात दिवसांत भरा, नाहीतर जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करू आणि सातबाऱ्यावर बोजा (थकबाकीची नोंद) चढवू, असं लिहिलंय.

४६,००० म्हणजे माझं जवळजवळ तीन महिन्यांचं मानधन. पण खरी भीती बोजाची आहे. सातबारा सामाईक आहे. बोजा चढला तर सोसायटी आईला खरिपाचं पीक कर्ज देणार नाही, आणि पेरणी तोंडावर आलीय. नोटीस आल्यापासून आई नीट जेवलेली नाही. ‘आपण सरकारचे पैसे खाल्ले का रे’ असं तिने मला विचारलं. ते मनातून जात नाही.

मला ८,००० परत करायचेच आहेत. २०१९ ते २०२३ मध्ये मी नोकरीत नव्हतो, तेव्हाचे पैसे का परत करू? टेबलावरचे साहेब म्हणतात, ‘यादी वरून आलीय, आम्ही काही करू शकत नाही, पूर्ण भरा.’

८,००० भरले तर बाकीचं मान्य केल्यासारखं होईल का? बोजा कसा थांबवायचा? आणि माझ्या नोकरीमुळे आईचा हप्ता बंद करता येतो का?

---

निवृत्त_अव्वल_कारकून

गुरुजी, आधी आईंना जेवायला घाला. पोच जपून ठेवली आहे ना, मग अर्धं काम झालेलं आहे.

मी महसुलातून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं याच याद्यांवर काम केलं. यादी वरून येते हे खरं आहे. तिच्यात नाव, आधारचे शेवटचे आकडे, कारण आणि आजवर जमा झालेली एकूण रक्कम असते. माणूस कधीपासून अपात्र झाला हे यादीला कळत नाही, ते तालुक्याने तपासून भरायचं असतं. तोच रकाना तुमच्या नोटिशीत कोरा आहे. तुमचं सगळं भांडण त्या कोऱ्या रकान्याचं आहे, त्यामुळे अर्जात दुसरं काही फार लिहू नका.

अर्ज तहसीलदारांच्या नावे करा. विषय: ‘वसुली रकमेची फेरगणना होणेबाबत’. नेमणूक आदेश, रुजू अहवाल, एप्रिलच्या अर्जाची पोच आणि पासबुकाच्या नोंदी जोडा. हप्त्यांचा तक्ता स्वतः करून द्या: कितवा हप्ता, जमा तारीख, त्या दिवशी तुम्ही नोकरीत होता की नव्हता. कारकुनाला वेळ नसतो, तक्ता तयार मिळाला तर तो तसाच टिपणीत उतरवतो.

एक जागा सांभाळा. १६ वा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ ला यवतमाळच्या कार्यक्रमातून सुटला, आणि त्याच दिवशी नमोचा दुसरा-तिसराही. तुमचा रुजू दिनांक मार्चमधला. १६ वा हप्ता डिसेंबर ते मार्च या काळाचा आहे, म्हणून कुणी बोट ठेवू शकतं. पैसे जमा झाले त्या दिवशी तुम्ही नोकरदार नव्हता, एवढं एक वाक्य आणि रुजू अहवालाची तारीख तिथं पुरे.

८,००० जरूर भरा, पण भरण्याआधी अर्जात लिहा की ‘ही रक्कम नियुक्तीनंतरच्या हप्त्यांपोटी भरत आहे, उर्वरित मागणी मला मान्य नाही’. पीएम किसानचे ४,००० केंद्राचे, ते पोर्टलवर ऑनलाइन परतावा करून भरता येतात, पावती निघते. नमोचे ४,००० राज्याचे, ते कोणत्या खात्यात भरायचे हे तालुक्याकडून लेखी घ्या. कुणाच्या हातात रोख देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी.

---

लेखापाल_ताई_सांगली

आमच्याकडे कारण वेगळं होतं, पण चक्र हेच. माझ्या दिरांना ‘आयकर भरणारा’ म्हणून नोटीस आली. त्यांनी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेने मागितलं म्हणून विवरणपत्र भरलं होतं, कर शून्य. योजनेची अट मागच्या कर निर्धारण वर्षात आयकर भरलेला असण्याची आहे, नुसतं विवरणपत्र भरल्याने कुणी अपात्र होत नाही. आम्ही विवरणपत्राची पोच आणि फॉर्म २६एएस (आयकर खात्याकडचा जमा कराचा उतारा) काढून दिला, करापुढे शून्य दिसत होतं. वेळ लागला, पण नाव यादीतून निघालं.

तुमच्या मानधनावर आयकर लागत नाही. उद्या कुणी तो मुद्दा जोडला तर हे हाताशी असू द्या.

---

दूधगंगा_काठ

भाऊ, राग मानू नका. तुमची नोकरी नवीन आहे. तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत तहसीलशी वाद, उद्या पडताळणीत काही निघालं तर? माझ्या चुलत भावाने सगळे भरून टाकले आणि मोकळा झाला. ४६,००० पुन्हा कमावता येतील.

---

काळी_माती

दादा, तुम्ही काळजीने लिहिलंत हे कळतंय. पण सगळे भरले तर कागदावर काय उरेल? या माणसाने पाच वर्षं खोटा लाभ घेतला आणि पकडल्यावर परत केला, एवढंच. शाळेत मुलांसमोर उभा राहणाऱ्या माणसाच्या नावावर ही नोंद मला नको. आणि ज्याच्याजवळ पोच नाही, ज्याला तक्ता करता येत नाही, त्याच्याकडूनही मग ‘त्या गुरुजींनी भरले की’ म्हणून असंच वसूल करतील. आमच्या गावात अशा आणखी नोटिसा आल्यात. एकाचा मुलगा पोलिसात लागला आणि नोटीस बापाला आलीय.

कारकूनकाका, तक्ता आज रात्रीच करतो. तुमचे उपकार आहेत.

---

वकील_मराठवाडा

पोलिसात लागलेल्या मुलाचं उदाहरण आणि तुमच्या आईचा प्रश्न एकच आहे, म्हणून आधी तेच. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालची, मुलं. सज्ञान मुलगा आईच्या कुटुंबात मोजला जात नाही. आई विधवा आहेत, जमिनीत त्यांचं स्वतःचं नाव आहे, आणि ते १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीपासून आहे. तुमच्या नोकरीने त्यांचा लाभ जात नाही. पण त्यांचा अर्ज वेगळा करा, त्यांच्या सहीने किंवा अंगठ्याने. तुमच्या अर्जात शेवटी एक ओळ म्हणून घालू नका, ती कुणी वाचणार नाही. ई-केवायसी आणि आधार-बँक जोडणी तपासून घ्या, कधी कधी कारण तेवढंच असतं आणि आपण मोठं भांडण समजून बसतो.

बोजाबद्दल. बोजा फेरफाराशिवाय चढत नाही. फेरफाराची नोंद घेतली की हितसंबंधितांना नोटीस काढावी लागते आणि हरकतीला १५ दिवस असतात. आई सहहिस्सेदार आहेत, त्यांनाही ती नोटीस द्यावी लागेल. तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, फेरगणनेच्या अर्जाची प्रत आत्ताच देऊन पोच घ्या. सोसायटीच्या सचिवांनाही एक प्रत द्या. तहसीलदारांनी अर्ज फेटाळून लेखी आदेश काढला तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, मुदत ६० दिवस. तोंडी ‘होणार नाही’ वर अपील होत नाही, म्हणून लेखी मागत राहा.

आणखी एक. अपात्रतेच्या यादीत स्थानिक स्वराज्य संस्थांचे ‘नियमित’ कर्मचारी असा शब्द आहे, आणि चतुर्थ श्रेणी त्यातून वगळलेली आहे. शिक्षण सेवक तीन वर्षं मानधनावर असतो, तो नियमित धरायचा का, हा मुद्दा मांडता येतो. म्हणजे ८,००० सुद्धा वादात आणता येतील.

---

काळी_माती

वकीलसाहेब, मनापासून आभार. ८,००० चा वाद नको. मला महिन्याला मानधन मिळतं, शाळेतून येतं, ते पैसे मी शेतकरी म्हणून ठेवणार नाही. पण तो शब्द लक्षात ठेवतो, दुसऱ्या कुणाला लागेल.

---

खान्देशी_मास्तर

नंदुरबारला स्वागत, सर! रुजू अहवालाची साक्षांकित प्रत पंचायत समितीतून घ्या, शाळेच्या शिक्क्याची चालते की नाही यावरून तिकडे अडवतात. सुट्टीत कार्यालयात माणूस मिळत नाही, आधी फोन करून जा.

फेरगणना कशी केली हे ते सांगत नसतील तर माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘माझ्या अपात्रतेचा दिनांक कोणत्या कागदावरून ठरवला, त्याची प्रत द्या’ एवढं एकच विचारा. माझ्या मेव्हण्याने बरेच प्रश्न विचारले होते, सगळ्यांना ‘माहिती उपलब्ध नाही’ असं एकच उत्तर आलं.

---

काळी_माती

मंडळी, पुढचं सांगतो.

पोर्टलवर पीएम किसानचे ४,००० भरले, पावती छापून घेतली. नमोच्या ४,००० साठी तहसीलमध्ये खाते क्रमांक लेखी मागितला. दोन-तीन टेबलं फिरल्यावर नायब तहसीलदार मॅडमनी स्वतः काढून दिला. तक्ता त्यांनी उभ्या उभ्याच वाचला. १७ व्या हप्त्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘याच्या आधी तर तुम्ही नोकरीतच नव्हता.’ मी म्हटलं, तेच लिहिलंय मॅडम. त्यांनी अर्जावर ‘फेरतपासणी करून सादर करावे’ असा शेरा मारला आणि बोजाची कार्यवाही तोवर थांबवायला सांगितलं. शेऱ्यासकट पानाची प्रत घेतली आहे.

अजून रक्कम कमी झाल्याचं पत्र हातात नाही, सुनावणी जुलैत ठेवलीय. सोसायटीच्या सचिवांना शेऱ्याची प्रत दाखवली, त्यांनी आईचा कर्जाचा अर्ज घेतला.

सुनावणीला मी रजा टाकून येतोय. आईचा अर्ज वेगळा केला आहे, तिलाही त्याच दिवशी नेऊ का?

---

निवृत्त_अव्वल_कारकून

जरूर न्या. आईंचं आधार कार्ड, पासबुक, ई-केवायसी झाल्याचा कागद आणि २०१८ चा वारस फेरफार सोबत असू द्या. फेरफाराची नक्कल आधीच काढून ठेवा, त्या दिवशी ऑनलाइन बंद असलं तर अडेल. मूळ प्रत कुणालाही देऊ नका, दाखवून परत घ्या. आणि सकाळी लवकर गाठा, दुपारनंतर साहेब दौऱ्यावर निघतात.