विषय: ई-लिक्विडचा साठा करू का? किती टिकतं?

मंडळी नमस्कार,

गणपतीच्या वर्गणीच्या मेल चालू आहेत त्यात मधेच हा विषय काढतोय, पण आपल्यात फार्मसीवाले, केमिस्ट्रीवाले बरेच आहेत म्हणून विचारतो. माझी सिगरेट सुटली ती व्हेपमुळे (म्हणजे ई-सिगरेट, त्यात भरायचं ते हे ई-लिक्विड), आणि आता 1 ऑक्टोबर 2026 पासून यूकेत दर 10 मिली लिक्विडला 2.20 पौंड ड्युटी लागणार, वर व्हॅट, म्हणजे आज तीन पौंडाला मिळणारी बाटली साडेपाचच्या पुढे जाणार. दुकानदार म्हणतो वर्षभराचं भरून ठेवा, काही होत नाही. खरंच टिकतं का एवढं? लॉफ्टमध्ये खोक्यात ठेवलं तर चालेल का? डिसेंबरात पुण्याला जातोय, थोडं तिकडे आईकडे ठेवून द्यावं असंही डोक्यात आहे, दर वेळी न्यायला नको.

– अ., रेडिंग

---

दादा,

मी फार्मसीत आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, आणि आधी पुण्याचं. अजिबात नेऊ नका. 2019 च्या कायद्याने भारतात ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं यावर तर बंदी आहेच, पण साठा करून ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आईंच्या कपाटात कशाला ही भानगड?

आता टिकण्याचं. बाटलीत चारच गोष्टी असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटीन. पहिल्या दोन भरपूर टिकतात, नाजूक असतात त्या शेवटच्या दोन. निकोटीनला हवा लागली, ऊन लागलं, गरम झालं की ते ऑक्सिडाइज होतं, लिक्विड पिवळं आणि मग चहासारखं तपकिरी व्हायला लागतं आणि घशाला लागताना वेगळं लागतं. व्हॅनिला, कॅरमेलवाले फ्लेवर तसेही लवकर काळपट होतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून फेकू नका. पण वास आंबूस किंवा विचित्र येत असेल, हलवूनही एकजीव होत नसेल, आत काही तरंगत असेल तर मात्र ओढू नका. सीलबंद बाटली साधारण एक ते दोन वर्षं, पण बाटलीवरची तारीखच खरी धरायची, आणि एकदा उघडली की दोन-तीन महिन्यांत संपवलेली बरी, कारण दर वेळी झाकण उघडलं की नवी हवा आत जाते. झाकणावर उघडल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. शॉर्टफिलमध्ये (बिननिकोटीनची, थोडी रिकामी ठेवलेली मोठी बाटली) निकोटीन शॉट, म्हणजे निकोटीनची वेगळी छोटी बाटली, घालून घेत असाल तर घातल्या दिवसापासून मोजायचं, आणि लागेल तेवढंच मिसळायचं.

लॉफ्ट नको. उन्हाळ्यात छपराखाली भट्टी होते आणि थंडीत गारठा, हा चढउतारच सगळ्यात वाईट. गाडीच्या डॅशबोर्डवर, खिडकीत, बाथरूममध्ये, रेडिएटरजवळ तर नकोच. घराच्या आतल्या खोलीतलं बंद कपाट, वरचा कप्पा, बाटल्या उभ्या, झाकण घट्ट, खोका असेल तर खोक्यातच. आणि साठा करायचाच तर तीन-चार महिन्यांत संपेल एवढाच करा, स्वस्तात घेतलेलं पुढच्या वर्षी टाकून द्यावं लागलं तर वाचवलं काय?

– मी., लेस्टर

---

अगं बाई, तू छान लिहिलंस पण मला फ्रिजचं सांग. आमचा मुलगा फ्रिजच्या दारात ठेवतो, म्हणतो गार राहिलं की टिकतं. घरात दोन वर्षांचा नातू, त्या बाटलीला आंब्याचा वास, मला रात्र रात्र झोप लागत नाही. चुकून प्यायला तर काय करायचं?

– काकू, हॅरो

---

काकू,

तुमची काळजी अगदी रास्त आहे, आजच्या आज ती बाटली फ्रिजमधून काढायला लावा. गारव्याने टिकतं हे खरं आहे, ग्लिसरीन घट्ट होतं तेवढंच, बाहेर काढून थोडा वेळ ठेवलं की पूर्ववत होतं. पण जिथे खायचं ठेवतो तिथे विष ठेवायचं नाही. हिशेब बघा, इथे कायद्याने जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम दर मिली आणि बाटली 10 मिलीची, म्हणजे एका छोट्या बाटलीत 200 मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन. लहान मुलाला त्यातले थोडे थेंबसुद्धा भारी पडू शकतात. न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर 2014 मध्ये असंच लिक्विड पोटात जाऊन एक लहान बाळ गेलं, त्यानंतर अमेरिकेत झाकणांचा कायदा आला. इथे चाइल्डप्रूफ झाकण सक्तीचं आहे, पण नीट लावलं नाही तर त्याचा उपयोग काय.

कुलूप लागणारा डबा, तोही उंचावर. आणि भरलेलं डिव्हाइस सोफ्यावर, पर्समध्ये, उशाशी टाकायचं नाही, बाटलीचं सगळे जपतात आणि हे विसरतात.

प्यायला तर उलटी काढायला लावू नका. उलट्या, लाळ गळणं, घाम, पांढरा फटक पडणं ही पहिली लक्षणं. लक्षणं नसली तरी लगेच 111 ला (यूकेतली आरोग्यसल्ल्याची हेल्पलाइन) फोन करा, आणि झटका (फिट) आला, गुंगी आली, श्वास जड झाला तर सरळ 999 ला, म्हणजे ॲम्ब्युलन्सला, बाटली बरोबर घेऊन जा. नुसतं अंगावर सांडलं तरी कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, निकोटीन कातडीतूनही शिरतं. हे दादांनाही लागू, बाटली भरताना हाताला लागलं की धुवायचंच.

– मी.

---

ताई, खूप आभार. पुण्याचा बेत रद्द, लॉफ्टही रद्द, तीन महिन्यांपुरतं घेतो. माझ्याकडे मुदत संपलेल्या पाच-सहा बाटल्या आहेत, सिंकमध्ये ओतून रिकाम्या करू का?

– अ.

---

नको नको, सिंकमध्ये किंवा टॉयलेटमध्ये ओतू नका. झाकणं लावलेलीच ठेवा आणि काउन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरला न्या, घातक कचरा कुठे घेतात ते आधी त्यांच्या वेबसाइटवर बघा. जुनी डिव्हाइस असतील तर व्हेपच्या दुकानात परत घेतात, घरच्या बिनमध्ये टाकू नका, आतली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेटते.

– मी.