युनिटी सोडून गोडो: शहाणपण की हौस?

रिकामटेकडा_कोडर
१२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर (इंजिन) देणाऱ्या कंपनीनं, जाहीर केलं, की कमाई आणि इन्स्टॉलचा ठरावीक आकडा ओलांडला की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मोजा. मोफत आवृत्तीवाल्यांना २० सेंट, आणि आधीच बाजारात असलेले गेमही त्यात. बोंबाबोंब झाली, दहा दिवसांत अटी सैल केल्या, वर्षभरानं सगळंच गुंडाळलं. पण विश्वास उडाला तो उडालाच. गेम करायला तीन-तीन वर्षं जातात, मधेच घरमालकानं भाडं वाढवलं तर सामान हलवायचं कुठे? गोडो हे तसलंच, पण खुलं (ओपन सोर्स) इंजिन. त्याला एमआयटी परवाना आहे, म्हणजे कोड कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा. उद्या त्यांची नियत फिरली तरी आज माझ्याकडे असलेली आवृत्ती कोणी परत मागू शकत नाही. नव्या माणसानं डोळे झाकून गोडो घ्यावं.

जॉयस्टिक_जोशी
डोळे झाकूनच घ्यावं लागेल! स्विच किंवा प्लेस्टेशन या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रावर, गेम न्यायचा तर निन्टेन्डो-सोनीची एसडीके (त्या यंत्रासाठी गेम बांधायची साधनं) गोपनीयतेच्या कराराखाली मिळते. तो कोड सगळ्यांना दिसणाऱ्या साठ्यात (रेपोत) टाकताच येत नाही, म्हणून गोडोत कन्सोलची सोयच नाही. मग गेम त्या यंत्रावर नेऊन देणाऱ्या पोर्टिंगवाल्याला पैसे द्या. गोडोच्याच मंडळींनी डब्ल्यू४ गेम्स ही कंपनी काढून नेमकं तेच विकायला घेतलंय. कसलं फुकट?

रिकामटेकडा_कोडर
फुकट म्हणालं कोण? पैसे कुणाला द्यायचे ते मी ठरवणार, एवढंच. करार करून पोर्ट स्वतःही करता येतो.

चिंगी_पुणेकर
कन्सोल राहू द्या हो, आमचं पोट मोबाइलच्या जाहिरातींवर. ॲडमॉब या गूगलच्या जाहिरातसेवेचं युनिटी प्लगिन (ती इंजिनाला जोडायचा कोड) खुद्द गूगल सांभाळतं. गोडोचं कुणीतरी हौशी पोरगं सांभाळतं. प्ले स्टोअर दरवर्षी टार्गेट एपीआयची (ॲप अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्तीसाठी बांधलंय त्याची) अट वाढवतं. त्या आठवड्यात पोरगं परीक्षेला बसलं की आमचं अपडेट लटकलं. गिटहबवर, जिथं हा कोड असतो, इश्यू (तक्रार) टाकला की उत्तर येतं, ‘पीआर पाठवा, स्वागत आहे.’ म्हणजे दुरुस्ती तुम्हीच करून द्या. क्लायंटला काय हे दाखवू?

जुनाट_खोंड
तुमचं सगळं भांडण इंजिनावरच अडकलंय. इड या कंपनीनं १९९७ च्या अखेरीस आपल्या डूम गेमचा कोड खुला केला, लेव्हल्स आणि चित्रं मात्र स्वतःकडे ठेवली. धंदाही राहिला आणि गेम आज वाट्टेल त्या यंत्रावर चालतो. अलीकडचा बालाट्रो हा गेम घ्या, एकट्या माणसानं लव्ह या खुल्या फ्रेमवर्कवर केला आणि तुफान चालला. परवाना तेवढा वाचून घ्या. जीपीएल या परवान्याचा कोड गेममध्ये घालून विकलात, तर आपलाही कोड द्यावा लागतो.
आणि चिंगीताई, पोरगं परीक्षेला बसतं कारण त्याला पगार कोणी देत नाही. टेरारिया हा गेम गोडोवर केलेला नाही, तरी युनिटीच्या त्या गोंधळात त्याच्या कर्त्यांनी गोडो आणि एफएनए या दुसऱ्या खुल्या फ्रेमवर्कला प्रत्येकी एक लाख डॉलर दिले, वर महिन्याला हजार-हजार.

चिंगी_पुणेकर
काका, हजार डॉलरात एका अनुभवी कोडरचा महिना निघत नाही. बाकीचे स्टुडिओ किती देतात ते सांगा. आमच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, ‘ओपन सोर्स आहे ना, मग पैसे कसले?’